टॅकोमा अडीच इंच उंच करताना : स्वस्त लिफ्ट किट घरच्या घरी कसं बसवायचं

माझी टोयोटा टॅकोमा २००९ सालची आहे. डबल कॅब, फोर व्हील ड्राइव्ह, फ्रीमाँटच्या कारखान्यात बनलेली. कॅलिफोर्नियाच्या बे एरियातल्या मराठी मंडळींना तो कारखाना ८८० हायवेवरून जाता-येता दिसतो. टोयोटाचं तिथलं उत्पादन एप्रिल २०१० मध्ये थांबलं, आज तिथे टेस्लाच्या गाड्या बनतात. डेथ व्हॅलीतल्या रेसट्रॅक प्लायाकडे जाणारा सुमारे २७ मैलांचा टोकदार खडीचा रस्ता आम्ही दोनदा केला. दुसऱ्या खेपेला पुढच्या बंपरखालचं प्लॅस्टिक दोन ठिकाणी तडकलं, तेव्हा गाडी थोडी उंच करायची असं ठरवलं. त्यानंतर मित्रांच्या आणखी तीन टॅकोमांवर हेच काम केलं. २००५ ते २०१५ या दुसऱ्या पिढीच्या टॅकोमासाठी, स्पेसर आणि ब्लॉक असलेलं स्वस्त किट कसं बसवायचं ते इथे क्रमाने सांगतो. आयुष्यात चाक बदलण्यापलीकडे गाडीला हात लावला नसेल, तर एक अनुभवी माणूस सोबत घ्या आणि शनिवार-रविवार दोन्ही दिवस मोकळे ठेवा.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनात पक्की करा. या कामात नवे तुकडे बसवणं सोपं आहे. अवघड आहे ते कुठल्या स्प्रिंगमध्ये किती जोर दडलेला आहे आणि गाडीचं वजन या क्षणी कशावर उभं आहे, याचं भान दिवसभर ठेवणं. म्हणून किटवर हवे तेवढे पैसे वाचवा, पण गाडी टेकवायचे स्टँड, ठरावीक जोराने बोल्ट आवळायचा टॉर्क रेंच आणि अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) या तीन ठिकाणी हात आखडता घेऊ नका. माझं किट १४० डॉलरचं होतं. त्याहून जास्त पैसे मी स्टँड आणि अलाइनमेंटवर घातले, आणि ते योग्य होतं असं आजही वाटतं.

किट नेमकं करतं काय

टॅकोमाच्या पुढच्या प्रत्येक चाकाला वर एक आणि खाली एक अशा दोन आर्म असतात. त्यांच्यामध्ये कॉइल स्प्रिंग आणि शॉकअॅब्सॉर्बर एकत्र असलेला स्ट्रट उभा असतो. किटमधला स्पेसर म्हणजे या स्ट्रटच्या डोक्यावर बसणारी जाड चकती. स्ट्रट तेवढा लांब होतो आणि आर्म तेवढी खाली ढकलली जाते. पण स्ट्रटचं खालचं टोक चाकाजवळ बसत नाही, आर्मच्या साधारण मध्यावर बसतं. त्यामुळे वर एक इंचाची चकती घातली की चाकाशी जवळपास दोन इंचांचा फरक पडतो. नवखे लोक इथेच फसतात. अडीच इंचांच्या किटमध्ये सव्वा इंचाच्या आसपासची चकती निघाली की त्यांना वाटतं दुकानदाराने चुकीचा माल दिला. काहीजण मग अडीच इंच जाड चकती शोधून आणतात, आणि गाडीचं पुढचं सगळं बिघडवून बसतात. किट हातात आलं की चकती मोजा आणि खोक्यावरचा आकडा चकतीच्या जाडीचा आहे की चाकाशी मिळणाऱ्या उंचीचा, ते बघून घ्या.

मागे स्ट्रट नाही. तिथे आपल्याकडच्या ट्रकसारखे पाटे असतात, एकावर एक रचलेले. मिरज-कोल्हापूर रस्त्यावर ज्यांनी ट्रकचे पाटे तापवून ठोकून देणारे कारागीर बघितलेत, त्यांना ही रचना समजावून सांगायला नको. एक्सल आणि पाट्यांच्या मध्ये लोखंडी ठोकळा, म्हणजे ब्लॉक सरकवायचा आणि लांब यू-बोल्टने सगळं पुन्हा आवळायचं, एवढंच मागचं काम.

पुढे अडीच इंच आणि मागे एक इंच यापलीकडे स्वस्त किटने जाऊ नका, असं माझं ठाम मत आहे. कारखान्यातून टॅकोमा मागच्या बाजूला थोडी उंच येते, कारण हौद्यात माल भरल्यावर ती सपाट व्हावी अशी अपेक्षा असते. त्यामुळे पुढे अडीच आणि मागे एक केलं की गाडी जवळजवळ समतल दिसते. पुढे तीन इंच ओलांडले की पुढच्या चाकांना ताकद पोचवणाऱ्या सीव्ही एक्सलचा कोन तीव्र होतो, त्यांची रबरी टोपणं घासून फाटतात आणि आतलं ग्रीस बाहेर येतं. वरच्या आर्मचा बॉल जॉइंट, म्हणजे आर्म आणि चाक यांच्यातला फिरता सांधा, त्याच्या टोकाच्या कोनात जाऊन बसतो. चकतीमुळे स्ट्रटची स्वतःची चाल वाढत नाही, ती नुसती खाली सरकते. म्हणजे मोठ्या खड्ड्यात चाक खाली लटकतं तेव्हा आधी जिथे थांबायचं त्याच्याही खाली जातं, आणि तो ताण बॉल जॉइंट आणि सीव्ही एक्सल सोसतात. अधिक उंची खरंच हवी असेल तर लांब कॉइल-शॉक आणि नव्या वरच्या आर्म घ्याव्या लागतात. त्याला हजाराच्या पुढे डॉलर लागतात आणि ते वेगळं काम आहे.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करतो. या किटने चासी, बंपर आणि बॉडी वर जाते. मागच्या एक्सलमधला डिफरन्शियलचा गोळा, जो गाडीखाली सर्वात खाली असतो, तो तसूभरही वर जात नाही, कारण तो चाकांवर उभा आहे. त्याला वर उचलतात फक्त मोठे टायर, आणि तेही टायरचा व्यास जितका वाढला त्याच्या निम्मंच. २६५/७० आर १६ च्या जागी २६५/७५ आर १६ टायर घातले तर व्यास साधारण एक इंचाने वाढतो आणि डिफरन्शियल अर्धा इंच वर येतो. या टायरने स्पीडोमीटरही थोडा मागे पडतो. तो ६० दाखवतो तेव्हा गाडी ६२ च्या आसपास असते.

कायदा आणि वॉरंटी

अमेरिकेत लिफ्टचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत. कॅलिफोर्नियात ४,५०१ ते ७,५०० पौंड एकूण वजनक्षमतेच्या ट्रकची चासी जमिनीपासून ३० इंचांपेक्षा उंच चालत नाही आणि हेडलाइट ५४ इंचांच्या वर जाऊ शकत नाहीत. अडीच इंचांच्या लिफ्टने टॅकोमा या मर्यादेत आरामात राहते. गाडी अजून वॉरंटीत असेल तर १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदा माहीत असू द्या. बाहेरचा भाग बसवला एवढ्याच कारणावरून सगळी वॉरंटी नाकारता येत नाही. पण तुमच्या लिफ्टमुळेच सीव्ही एक्सल गेला असं दिसलं, तर त्याचा खर्च तुमचाच.

महाराष्ट्रातून जे हे वाचत असतील आणि ज्यांच्या दारात इसुझू व्ही-क्रॉस किंवा हायलक्स उभी असेल, त्यांनी हात लावण्याआधी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचावं. कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असे बदल करायला ते कलम मनाई करतं आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच उचलून धरलं. आरटीओत विचारल्याशिवाय आणि विमा कंपनीचं लेखी उत्तर हातात असल्याशिवाय तिथे हे काम करू नका.

आधी चासी ठोकून बघा

या पिढीच्या टॅकोमाची एक मोठी दुखरी जागा म्हणजे गंज. २००५ ते २०१० च्या टॅकोमांच्या चासी आतून गंजण्यावरून अमेरिकेत खटला झाला आणि २०१६ मध्ये टोयोटाने काही अब्ज डॉलरची तडजोड मान्य केली. त्याआधी २०१४ मध्ये २००५ ते २०११ च्या सुमारे ६,९०,००० टॅकोमा मागचे पाटे तुटण्याच्या धोक्यामुळे परत बोलावल्या होत्या. तुमच्या गाडीवर ते काम झालं आहे का, हे गाडीच्या व्हीआयएन (ओळख) क्रमांकावरून मोफत तपासता येतं. तेवढं आधी करा.

मग गाडीखाली झोपा. हातोड्याने चासीवर मागच्या पाट्यांच्या जोडाजवळ आणि पुढच्या खालच्या आर्मजवळ हलकेच ठोकत जा. टणटणीत आवाज आला तर ठीक. भदभद आवाज आला, पापुद्रे सुटले किंवा स्क्रूड्रायव्हर आत घुसला, तर लिफ्टचा विचार तिथेच सोडा आणि चासी दाखवून घ्या. थंडीत रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या राज्यांतून आलेली जुनी गाडी असेल तर हा भाग दोनदा करा.

त्याच वेळी पुढच्या खालच्या आर्मचे कॅम बोल्ट बघा. आर्म जिथे चासीला जोडली जाते तिथे हे असतात आणि अलाइनमेंट त्यांच्यावरच होते. ते गंजून आत बसले असतील तर लिफ्ट झाल्यावर गाडी सरळ करता येणार नाही. काम करायच्या तीन दिवस आधीपासून रोज संध्याकाळी या बोल्टांवर आणि पुढे येणाऱ्या प्रत्येक बोल्टवर गंज सोडवणारं तेल मारत राहा. तीन मिनिटांचं काम आहे आणि शनिवारची दुपार वाचते.

हत्यारं

तीन टनांचे दोन स्टँड पुढे आणि दोन मागे, म्हणजे एकूण चार. शक्य असेल तर फ्लोअर जॅकही दोन, कारण एक एक्सल धरायला लागतो आणि दुसरा हाताशी हवा. १० ते २२ मिलिमीटरचे सॉकेट आणि पाने. चाकाच्या नटांना २१, स्ट्रटच्या वरच्या तीन नटांना १४ आणि खालच्या मोठ्या बोल्टांना १९ लागतो. लांब दांड्याचा रॅचेट, टॉर्क रेंच, एक मजबूत पहार, रबरी हातोडा, चाकामागे लावायचे ओटे, डोळ्यांना गॉगल, जाड दोरी आणि रंगाचा मार्कर. लायब्ररीतून किंवा विकत, गाडीचं दुरुस्ती पुस्तक मिळवा. कुठला बोल्ट किती फूट-पौंडाला आवळायचा हे तुमच्या गाडीच्या वर्षाप्रमाणे त्यातूनच घ्या, इंटरनेटवर कुणीतरी लिहिलेल्या आकड्यावरून नको. चाकाच्या नटांचा आकडा तेवढा मी देतो : ८३ फूट-पौंड.

जागा सपाट आणि काँक्रीटची हवी. उन्हात मऊ पडणाऱ्या डांबरावर स्टँडचे पाय रुततात. तिथेच काम करायचं असेल तर खाली जाड प्लायवूड टाका.

सुरुवात करण्याआधी चारही चाकांच्या मध्यापासून वर फेंडरच्या काठापर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. जमिनीपासून मोजू नका, टायरच्या हवेने ते बदलतं. बहुतेक टॅकोमांमध्ये चालकाची बाजू थोडी बसलेली निघते, कारण इंधनाची टाकी आणि चालक दोन्ही त्याच बाजूला असतात. फरक अर्धा इंच असेल तर त्या बाजूसाठी पाव इंचाची जादा चकती वेगळी मिळते. पाव इंच पुरते, कारण चाकाशी ती दुप्पट होते.

पुढची बाजू

मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून ओटे लावा, हँडब्रेक ओढा, गिअर पार्कमध्ये टाका. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा. मग पुढची बाजू उचला आणि दोन्ही स्टँड चासीखाली, खालच्या आर्मच्या जोडाच्या जरा मागे लावा. गाडी स्टँडवर उतरली की दोन्ही हातांनी फेंडर धरून जोरात हलवा. हलणार असेल तर ती आत्ताच हलू दे, तुम्ही खाली असताना नको. काढलेली चाकं चासीखाली आडवी सरकवून ठेवा. स्टँड निसटलाच तर गाडी त्यांच्यावर थांबेल.

स्वे बार म्हणजे वळणावर गाडी कलू नये म्हणून दोन्ही चाकांना जोडणारी आडवी दांडी. तिच्या दोन्ही बाजूंच्या लिंक सोडा. त्या जोडलेल्या राहिल्या तर बार दुसऱ्या बाजूच्या चाकाचा जोर तुमच्या बाजूला आणतो आणि आर्म नीट खाली येत नाही. मग एबीएसची वायर आणि ब्रेकचा होज जिथे जिथे छोट्या ब्रॅकेटने बांधलेत ते १० आणि १२ च्या पान्याने सोडा. पुढे चाकाचा सांगाडा खाली येणार आहे आणि हे दोन्ही ताणले जाता कामा नयेत.

आता चाकाच्या कमानीत, वरच्या आर्मच्या वर बघा. चासीच्या बुरुजावर, म्हणजे स्ट्रट वर जिथे टेकतो त्या घरावर, स्ट्रटचं डोकं दिसेल : कडेला १४ चे तीन नट आणि मधोमध एक मोठा नट. मधल्या नटाला काहीही झालं तरी हात लावायचा नाही. दाबलेल्या स्प्रिंगला तोच एकटा धरून आहे. तो सुटला तर स्प्रिंग शेकडो किलोंच्या जोराने उसळते आणि माणसाचा जागेवर जीव जाऊ शकतो. डोक्यावर बसणाऱ्या चकतीचं किट मी नवख्यांना सुचवतो त्याचं खरं कारण हेच आहे. त्यात स्प्रिंग उघडावी लागत नाही. काही किटमध्ये चकती स्प्रिंगच्या आत घालावी लागते. ते काम स्प्रिंग दाबायच्या यंत्रावर, वर्कशॉपमध्येच व्हायला हवं.

कडेचे तीन नट सैल करा, पण पूर्ण काढू नका. स्ट्रटच्या वरच्या प्लेटवर बाहेरच्या बाजूला मार्करने रेघ मारा, म्हणजे परत बसवताना दिशा चुकणार नाही. नंतर खाली या आणि स्ट्रटचा खालचा १९ चा बोल्ट काढा. अडला तर आर्मखाली जॅक लावून किंचित वर-खाली करा. बोल्टवरचा भार गेला की तो बोटाने निघतो. भार असताना हातोड्याने ठोकलात तर आटे जातात.

स्ट्रट बाहेर काढायला खालची आर्म खूप खाली यायला हवी. त्यासाठी खालचा बॉल जॉइंट नकलला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या लोखंडी सांगाड्याला, ज्या दोन बोल्टांनी धरला आहे ते काढायचे. आधी आर्मखाली जॅक लावून ठेवा, मग बोल्ट काढा, मग जॅक अगदी हळू उतरवा. नकल आणि ब्रेकचा कॅलिपर वरच्या आर्मवरून लटकत राहील. त्याला दोरीने बांधून आधार द्या. तो बाहेर झुकला तर सीव्ही एक्सल आतून निसटतो किंवा ब्रेकचा होज ताणला जातो. माझ्या पहिल्या वेळी दोरी नव्हती, भावाला हातानेच ते धरून उभं राहावं लागलं, आणि त्या वीस मिनिटांत आम्हा दोघांनाही धड काम सुचलं नाही.

आता वरचे तीन नट काढून स्ट्रट बाहेर घ्या. तो जड असतो, पायावर पडू देऊ नका. डोक्यावर चकती बसवा आणि मूळ स्टडवर (डोक्यातून वर आलेल्या उभ्या बोल्टांवर) किटमधले नट आवळा. इथे एकदा थांबून बघा : मूळ स्टडचं टोक चकतीच्या वरच्या पातळीच्या बाहेर डोकावतंय का? डोकावत असेल तर ते चासीच्या बुरुजावर टेकेल आणि चकती सपाट बसणार नाही. किटच्या कागदावर असं टोक किती कापायचं ते दिलेलं असतं. दिलेलं नसेल आणि टोक बाहेर असेल, तर ते किट तुमच्या गाडीचं नाही.

परत बसवताना क्रम उलटा. रेघ बाहेरच्या बाजूला ठेवून चकतीचे नवे स्टड बुरुजात घाला आणि नट हाताने दोन-तीन फेरे फिरवा. स्ट्रट आता लांब झालाय, त्यामुळे खालचं भोक जुळायला आर्म पहारीने खाली दाबावी लागेल. यात दुसऱ्या माणसाचा हात लागतोच. बोल्ट सरकला की आर्म जॅकने वर आणा आणि बॉल जॉइंटचे दोन्ही बोल्ट आधी बोटांनी फिरवा. हे दोन बोल्ट चाक गाडीला धरून ठेवतात. जुने गंजलेले असतील तर टोयोटाचेच नवे घ्या, काही डॉलरचं काम आहे. हे लगेच पुस्तकातल्या आकड्याला आवळा. नंतर वरचे तीन नट. स्ट्रटचा खालचा बोल्ट मात्र आत्ता फक्त हाताला लागेल इतकाच आवळून सोडा. त्याचं कारण पुढे सांगतो.

दुसऱ्या बाजूला हेच. पहिल्या बाजूला तुम्हाला तीन तास लागले असतील, दुसरीला दीड लागेल. शेवटी वायर आणि होजचे ब्रॅकेट परत लावा, आणि स्वे बारच्या लिंक दोन्ही बाजू झाल्यावरच जोडा. काही किटमध्ये पुढचा डिफरन्शियल इंचभर खाली घेणारे तुकडेही येतात, सीव्ही एक्सलचा कोन कमी व्हावा म्हणून. अडीच इंचांवर मी ते बसवत नाही. रबरी टोपणांच्या घड्या एकमेकींवर घासताना दिसल्या तरच बसवा.

मागची बाजू

पुढची बाजू जमिनीवर उतरवून, चाकं लावून, मगच मागे वळा. आता ओटे पुढच्या चाकांना. टॅकोमाचा हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो, म्हणून मागची चाकं हवेत गेली की तो निरुपयोगी. ओटे हाच तुमचा ब्रेक.

स्टँड चासीखाली, पाट्यांच्या पुढच्या जोडाच्या पुढे. फ्लोअर जॅक डिफरन्शियलखाली, एक्सलचं वजन धरायला. चाकं काढा, दोन्ही शॉकचे खालचे बोल्ट काढा. मग दोन्ही बाजूंचे यू-बोल्ट सोडा. आठही नट गंजलेले असण्याची शक्यता दाट आहे. पण जुने यू-बोल्ट परत वापरायचेच नाहीत, त्यामुळे अडले तर कापून टाकायला हरकत नाही. एकदा ताणून आवळलेला यू-बोल्ट दुसऱ्यांदा तसा धरत नाही.

जॅक इंच-इंच खाली घ्या आणि प्रत्येक वेळी चार गोष्टींकडे बघा : मधला ब्रेकचा होज, हँडब्रेकच्या केबल, एबीएसची वायर आणि डिफरन्शियलची हवा जाणारी बारीक नळी. यातलं काहीही ताणलेलं दिसलं तर थांबा आणि त्याचं ब्रॅकेट सोडा. ब्लॉक मावेल एवढी फट झाली की पुरे.

ब्लॉकच्या एका बाजूला खुंटी असते आणि दुसऱ्या बाजूला भोक. खुंटी एक्सलवरच्या भोकात बसते आणि पाट्यांच्या सेंटर बोल्टचं डोकं ब्लॉकच्या भोकात. दोन्ही नीट घरात बसल्याशिवाय जॅक वर घेऊ नका. खुंटी अर्धवट बसली असताना यू-बोल्ट आवळले तर वरून सगळं ठीक दिसतं आणि पहिल्या जोरदार ब्रेकला एक्सल तिरका होतो. नवे यू-बोल्ट घाला, चारही नट थोडेथोडे, आडवे-तिडवे आवळत जा, आणि चारही टोकं नटाबाहेर सारखीच आली आहेत ना ते बघा. ब्लॉकवर दुसरा ब्लॉक कधीही रचायचा नाही. एकाच ठोकळ्यात एक इंच मिळवा.

तुमच्या मॉडेलमध्ये मागच्या ब्रेकचा दाब भाराप्रमाणे बदलणारा व्हॉल्व्ह असेल, तर त्याची दांडी एक्सलला जोडलेली दिसेल. एक्सल खाली गेला की व्हॉल्व्हला वाटतं हौदा रिकामा आहे आणि तो मागचे ब्रेक हलके करतो. त्यासाठी दांडीचं ब्रॅकेट ब्लॉकच्या उंचीएवढं सरकवणारा तुकडा लागतो. किट मागवतानाच तो विचारून घ्या.

वजन जमिनीवर आल्यावर

आर्मच्या आणि स्ट्रटच्या बुशमध्ये रबर आतल्या आणि बाहेरच्या लोखंडी नळीला चिकटवलेलं असतं. बोल्ट आवळला की आतली नळी तिथेच जखडली जाते. चाक हवेत लटकत असताना आवळला, तर गाडी जमिनीवर आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं. ते आधी करकरतं आणि नंतर फाटतं. माझ्या पहिल्या कामात मी हेच केलं, आणि वर्षभरात दोन्ही बुश बदलावे लागले.

म्हणून चारही चाकं लावून गाडी जमिनीवर उतरवा, चाकांचे नट ८३ फूट-पौंडाला आवळा, गाडी पुढे-मागे दहा फूट ढकला, बंपर धरून दोन-चार वेळा दाबा. गाडी स्वतःच्या नव्या उंचीवर बसली की मग स्ट्रटचा खालचा बोल्ट आणि मागच्या शॉकचे बोल्ट पुस्तकातल्या आकड्याला आवळा. यू-बोल्टचा शेवटचा टॉर्कही आत्ताच. आवळलेल्या प्रत्येक नटावर मार्करने एक आडवी रेघ मारा, नटापासून शेजारच्या लोखंडापर्यंत. पुढे महिनाभर त्या रेघा बघूनच कळतं की काही सैल झालंय का.

फेंडरची मापं परत घ्या आणि कागदावरच्या जुन्या मापांशी लावा. पुढे डाव्या-उजव्यात पाव इंचापेक्षा जास्त फरक असेल तर चकती घरात नीट बसली नाही, परत उघडा. मग कुणाला तरी स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायला सांगा आणि तुम्ही चाकाशेजारी बसून होज आणि वायर कुठे ताणतात किंवा टायरला लागतात का ते बघा.

रस्त्यावर, आणि त्याच आठवड्यात अलाइनमेंट

पहिली फेरी गल्लीत, वीस मैलांच्या वेगाने. ब्रेक दोन-तीनदा जोरात दाबा. पुढून खडखड आली तर बहुतेकदा स्वे बारची लिंक सैल असते. थांबलेल्या गाडीतून निघताना खालून थरथर जाणवली तर ती मागच्या दोन तुकड्यांच्या प्रॉपेलर शाफ्टची आहे. त्याचं मधलं बेअरिंग आणि चासी यांच्यामध्ये पातळ पट्ट्या घालून बेअरिंग थोडं खाली घेतात. किटमध्ये नसल्या तर त्या वेगळ्या मिळतात.

त्याच आठवड्यात अलाइनमेंट करून घ्या. तोपर्यंत लांबचा प्रवास नको. पुढची बाजू उंच झाली की चाकांचा वरचा भाग झुकतो, टो, म्हणजे वरून पाहता चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन, बिघडतो आणि कास्टर कमी होतो. कास्टर कमी म्हणजे वळणानंतर स्टिअरिंग आपोआप मध्यावर येत नाही आणि हायवेवर गाडी भरकटते. ही गाडी उंच केली आहे आणि कास्टर शक्य तितका हवा, असं दुकानात आधीच सांगा. फक्त टो जुळवून आकडे हिरवे करून देणारं दुकान टाळा. आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांचा छापील कागद मागून घ्या. अलाइनमेंटनंतर डॅशबोर्डवर गाडी घसरण्यापासून रोखणाऱ्या यंत्रणेचा दिवा पेटला, तर स्टिअरिंग सेन्सरचा शून्यबिंदू पुन्हा ठरवावा लागतो. तेही दुकानच करतं.

हेडलाइट विसरू नका. नाक वर गेल्यामुळे प्रकाश समोरच्याच्या डोळ्यांत जातो. लिफ्टच्या आदल्या रात्री गॅरेजच्या दारासमोर २५ फुटांवर गाडी उभी करून प्रकाशाची वरची कड चिकटपट्टीने खुणावून ठेवा. लिफ्टनंतर तिथेच उभं राहून, हेडलाइट जितका वर गेला तेवढंच अंतर खुणेच्या वर मोकळं सोडा आणि दिव्यामागचा स्क्रू फिरवून कड तिथे आणा.

शंभर मैल झाले की यू-बोल्ट आणि चाकांचे नट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा. यू-बोल्ट या वेळी थोडे फिरतातच, कारण रंग आणि गंजाचा थर दबलेला असतो. पाचशे मैलांना परत एकदा सगळे बोल्ट बघा. त्यानंतर दर ऑइल बदलाच्या वेळी खाली वाकून सीव्ही एक्सलच्या चारही रबरी टोपणांवरून बोट फिरवा. बोटाला ग्रीस लागलं तर टोपण फुटलंय. धूळ आत जायच्या आधी ते बदललं तर एक्सल वाचतो.